बगळ्याचे शंभर ठोके

बाळांनो, एका जंगलात मोजणी खातं निघालं, तेव्हाची ही गोष्ट. नीट मांडी घालून बसा.

त्या जंगलाचा राजा सिंह. शेजारच्या जंगलात म्हणे सगळं मोजतात, असं त्याच्या कानावर आलं. आपल्याकडे कामं नुसती होतात, किती होतात ते कुणालाच ठाऊक नाही, याची त्याला लाज वाटली. त्याने तरस चिटणिसाला बोलावलं आणि काहीतरी मोजायला सांगितलं. तरसाने सुतारपक्षी निवडले. कारण जंगलात त्यांचंच काम लांबून ऐकू येतं.

ओढ्याकाठी एक पोकळ खोड आडवं पडलं होतं. त्यात खातं थाटलं गेलं.

खोडाच्या तोंडाशी ससा बसला. सुतारपक्ष्याने झाडावर चोच मारली की सशाने पाय आपटायचा. चोच जोरात लागो की हळू, सशाचा ठोका एकसारखा. शिवाय पहिला आवाज पुरता विरल्याशिवाय दुसऱ्यांदा पाय उचलायचा नाही, असा त्याला हुकूम होता. सुरुवातीला हा हुकूम नव्हता. तेव्हा ससा टेकडीवरून आलेले प्रतिध्वनीही मोजायचा, आणि एका म्हाताऱ्या सुतारपक्ष्याला त्यापायी मोठं बक्षीस मिळून गेलं होतं.

सशाच्या मागे एक फळकुटाचं दार. ते पाठीवर तोलून धरायचं काम कोंडिबा मुंगसाचं. दार उघडं असेल तेवढेच ठोके पलीकडे जात.

पलीकडे खारी बसत. पहिली खार दर ठोक्याला एक बी पुढ्यात घेई. दहा झाल्या की त्या लोटून देई आणि शेजारणीला कोपराने ढोसे. शेजारीण आपल्यापुढे एक बी ठेवी. तिची एक बी म्हणजे दहा ठोके. सगळ्यात शेवटी साळींदर. दार मिटल्यावरच त्याने खारींचा आकडा घ्यायचा, तितकी पानं आपल्या काट्यांना टोचायची आणि पुढची मोजणी होईपर्यंत तशीच ठेवायची. आधी राजा थेट खारींकडेच बघायचा. पण आकडा सारखा पळत असल्यामुळे त्याला घेरी यायची.

आता दार किती वेळ उघडं ठेवायचं? त्यासाठी धवलपंत बगळा होता. उंबराच्या सावलीत, गार पाण्यात एका पायावर उभा राहून तो दगडावर चोच मारायचा. भरभर आणि अगदी सारख्या अंतराने. शेजारी एक कासव बसे. ते मान हलवून दार उघडायला सांगे, बगळ्याचे शंभर ठोके मोजे आणि पुन्हा मान हलवून दार मिटायला सांगे.

तेवढ्यात धडधाकट सुतारपक्ष्याचे चाळीस ठोके भरत. दार एखाद्या ठोक्याच्या तोंडावरच मिटलं तर एकोणचाळीस. राजाने एका ठोक्याची सूट दिली होती. तो मनाने मोठा होता.

ठकूबाई नावाची सुतारपक्षीण दर अष्टमीला येऊन चाळीस ठोके देऊन जाई. ऐनाच्या झाडात तिची ढोली होती.

पुढे खात्याचं नाव झालं. लांबलांबचे पाहुणे येऊ लागले. सगळ्या मोजणीचा आधार असलेला बगळा असा कोपऱ्यात, चिखलात उभा, हे बरं दिसेना. म्हणून फाल्गुनात त्याला एक पदवी देण्यात आली आणि राजाच्या आसनाशेजारी उघड्या खडकावर जागा देण्यात आली.

चैत्र लागला. खडक तापू लागला. ठकूबाईचे सदतीस ठोके भरले.

तिला ताकीद मिळाली. ती म्हणाली, आई मारायची तशीच मी मारते, आजवर काही फरक केलेला नाही. पुढच्या अष्टमीला छत्तीस भरले. वैशाखाच्या पहिल्या अष्टमीला पस्तीस. तरसाने लेखी कळवलं, की पुढच्या खेपेला चाळीस भरले नाहीत तर कामचुकारपणाबद्दल ढोली खाली करावी लागेल. ढोलीत दोन पिल्लं होती. त्यांचे डोळे अजून उघडले नव्हते.

कोंडिबाला हे लागून राहिलं. दार जड होतं, म्हणून ते तोलताना तो आपले श्वास मोजायचा. सावलीतल्या बगळ्याच्या शंभर ठोक्यांत त्याचे आठ श्वास होत. आता सातच होत होते. ठकूबाई हळू झाली नव्हती, दारच लवकर मिटत होतं.

तो आधी बगळ्याकडे गेला. खडकावर जरा ऊन आहे, त्याने ठोके घाईचे पडतात का, असं त्याने नम्रपणे विचारलं. धवलपंतांनी मान वळवली नाही. आपण होतो तसेच आहोत आणि सगळं जग मंदावत चाललं आहे, असं त्यांचं मत पडलं.

मग कोंडिबा तरसाकडे गेला.

"साहेब, बगळ्याची एकदा तपासणी करा."

"मोजायचं कशाने?" तरसाने विचारलं.

"माझे श्वास आहेत. आधी आठ होत, आता सात होतात."

"तुझ्या श्वासांना मंजुरी आहे का?"

मंजुरी नव्हती. तरीही तरस न्यायी होता. त्याने बगळ्याची तपासणी लावली. जंगलात मोजणी खातं एकच होतं, तेव्हा बगळ्यालाच सशासमोर उभं केलं. बगळा ठोके मारत गेला, ससा पाय आपटत गेला, कासवाने त्याच बगळ्याचे शंभर मोजून दार मिटायला सांगितलं. साळींदराच्या काट्यांवर पानं आली शंभर. खात्री म्हणून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा शंभर. इतकी अचूकता याआधी कुणाचीच आढळली नव्हती. बगळ्याला दुसरी पदवी मिळाली.

अष्टमीच्या आदल्या संध्याकाळी ठकूबाई खोडापाशी आली. चोच दुखेपर्यंत भरभर मारून पाहिलं, तरी धड जमत नाही, असं तिने सांगितलं. मग तिने विचारलं, "कोंडिबाभाऊ, मी खरंच मंदावले का हो?"

कोंडिबा चपापला. ढोली जाणार याचं दुःख त्याला होतंच, पण तिचा स्वतःवरचा विश्वासही गेला, हे त्याला सोसेना. "नाही बाई," तो म्हणाला. "उद्या रोजच्यासारखी मार. घाई करू नकोस."

दुसऱ्या दिवशी कासवाने मान हलवली, दार उघडलं. सात श्वास झाले. कासवाने पुन्हा मान हलवली. कोंडिबाने दार तसंच धरून ठेवलं, आठवा श्वास पुरा घेतला आणि सोडला. मग दार मिटलं.

चाळीस पानं.

तरस मागेच उभा होता. त्याने कोंडिबाला जागच्या जागी धरलं. मोजमापात लबाडी केल्याबद्दल त्याला ओढ्यापलीकडे हाकलण्यात आलं. खटला लहानसाच झाला, कारण कोंडिबाने काही नाकारलं नाही. ठकूबाईचं मात्र काही करता येईना. काट्यांवर चढलेला आकडा पुढच्या मोजणीपर्यंत काढता येत नसे, आणि मोजणीला नवा दारवाला हवा होता. तो मिळेपर्यंत पाऊस आला, खोडातून पाणी वाहू लागलं आणि खातं मार्गशीर्षापर्यंत बंद राहिलं. चाळीस पानं काट्यांवर सुकली. पिल्लांना पंख फुटले आणि ती उडाली.

मार्गशीर्षात मोजणी झाली. खडक गारठला होता. धवलपंत काकडत, सावकाश ठोके देत होते. ठकूबाईने आईसारखीच चोच मारली आणि आकडा आला चव्वेचाळीस.

राजाने भर दरबारात सांगितलं, की एका लबाड मुंगसाला घालवल्याबरोबर सगळं जंगल जोमाने कामाला लागलं. इथून पुढे चव्वेचाळीस हाच नेम ठरला. ठकूबाईला मानाचं पान मिळालं. तिने ते घेतलं, ओढा ओलांडला आणि कोंडिबाच्या बिळावरच्या सादड्याच्या झाडात नवी ढोली कोरायला घेतली. कोंडिबा खाली बसून ऐकत राहिला. त्याने मोजलं मात्र नाही.

तात्पर्य: मुलांनो, आपण बरोबर आहोत की चूक, याची काळजी मोजले जाणाऱ्यांनी करावी. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा माप व्हा.