तोडल्याची तारीख

लेबलं चिकटवायचं काम केतकीकडे होतं. सातव्या फोटोपर्यंत आल्यावर तिने डिंकाची बाटली खाली ठेवली.

"बाबा, ही सगळी झाडं तोडली?"

"हो."

"मतलब, एकही नाही उरलं?"

"लेबलावर लिहिलंय ना," पद्माकर तगारे म्हणाले.

जेवणाच्या टेबलावर अकरा कृष्णधवल फोटो पसरले होते. प्रत्येकात एकच झाड, खाली सपाट शेत आणि वर नुसतं आकाश. तगारे दिल्लीत केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यात उपसंचालक होते, आणि आकड्यांच्या खालोखाल त्यांना एकट्या झाडांचा नाद होता. रविवार आला की कॅमेरा आणि तिपाई स्कूटरला बांधून ते यमुनापार जात. एकोणीसशे पंचाण्णव साल होतं. गाझियाबाद, नोएडाकडच्या मोहरीच्या शेतांत सेक्टरच्या पाट्या येऊन उभ्या राहिल्या होत्या, माणसं यायची होती. अशा एखाद्या पाटीच्या पलीकडे राहून गेलेला शिसम किंवा कडुनिंब सापडला की तगाऱ्यांचा आठवडा सार्थकी लागे.

महाराष्ट्र मंडळाने प्रदर्शन भरवायला हॉल दिला होता, म्हणून ही लेबलं. त्यांत चार रकाने होते. झाड, ठिकाण, फोटोची तारीख, तोडल्याची तारीख. दुसऱ्या ऋतूत तेच झाड पुन्हा टिपायला तगारे परत जात, आणि दर वेळी तिथे खड्डा असे. मग ते जवळच्या चहावाल्याला विचारून तारीख लिहून घेत. रकाना रिकामा ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"शेवटचा रकाना कशाला हवाय?" तगाऱ्यांच्या पत्नी अहिल्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "प्रदर्शन आहे की शोकसभा?"

"माहिती अर्धवट देऊ नये."

केतकी तेवढ्यात कागदावर वजाबाक्या करत होती. "बाबा, चाळीस दिवस. एक्कावन्न. अडतीस. सत्तेचाळीस." ती थांबली. "साठच्या वर एकही नाही. तुम्ही फोटो काढला की दोन महिन्यांच्या आत झाड गेलंच."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

"योगायोग," तगारे म्हणाले. "त्या भागात सगळीच झाडं जातायत."

"अच्छा? मग ज्यांचे फोटो नाही काढले, ती?"

"त्यांची नोंद नाही."

तुलनेला दुसरा गट नसेल तर निष्कर्ष काढू नये, हे तगारे तीस वर्षं कनिष्ठांना शिकवत आले होते. तेच त्यांनी स्वतःला पुन्हा एकदा सांगितलं. तरी बाकीची लेबलं चिकटवताना त्यांनी फोटो उलटे ठेवले.

प्रदर्शनाला गर्दी बरी होती, कारण शेजारी बटाटेवडे होते. पण वडा खात आत आलेला माणूस तिसऱ्या फोटोपाशी चावायचा थांबे. लोक हळू आवाजात बोलू लागले. कुणीतरी दाराशी चपला काढल्या, मग मागून येणारे सगळेच काढू लागले. सुनंदा जोगदेव नावाच्या एक आजी शिसमापुढे हात जोडून उभ्या राहिल्या आणि जाताना तगाऱ्यांना म्हणाल्या, "माझा फोटो नका हो काढू कधी."

दुसऱ्या दिवशी शांताराम उकिडवे आले. ते कोयना सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सचिव होते, आणि तगाऱ्यांचं उरलेलं आयुष्य या माणसाच्या बगलेतल्या फायलीत होतं. संस्थेचे बावन्न सभासद, सगळे मराठी, सगळे दिल्लीतले सरकारी नोकर. हिंडन नदीच्या अलीकडे जमीन मिळून चार वर्षं झाली होती. पण नकाशात जिथे 'बी' इमारतीचा जिना होता, तिथे जमिनीवर एक पिलखन उभा होता. वडाचाच भाऊबंद, तीन माणसांच्या कवेत न येणारा. तोडायच्या परवानगीचा अर्ज तीन वर्षं फिरत होता. उद्यान खात्याचा निरीक्षक दर उन्हाळ्यात येई, पिलखनाच्या सावलीत चहा घेई आणि 'पाहणी केली' असं लिहून जाई. ठेकेदाराने परवानगीची वाट न बघता दोनदा माणसं पाठवली होती. पहिल्यांदा कुऱ्हाडीचा दांडा मोडला. दुसऱ्यांदा कुऱ्हाडवाल्याला ताप भरला. तिसऱ्यांदा माणसंच मिळाली नाहीत.

तगारे दीड वर्षाने निवृत्त होणार होते. तेव्हा सरकारी क्वार्टर सोडावं लागणार, आणि 'बी' इमारतीतला दुसरा मजला सोडला तर त्यांना जगात कुठेही छप्पर नव्हतं. अहिल्याबाईंनी संस्थेत नाव नोंदवलं तेव्हाच त्या घरासाठी शिवलेले पडदे आठ वर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत पडून होते.

उकिडव्यांनी अकराही लेबलं चष्मा लावून वाचली.

"तगारे, आपल्या झाडाचा नाही काढलात कधी?"

"मागे विजेचा खांब येतो."

"खांब आम्ही हलवतो," उकिडवे म्हणाले.

घरी वादाला तोंड फुटलं.

"मी झाडं तोडायला फोटो काढत नाही, अहिल्या. ही शुद्ध अंधश्रद्धा आहे."

"मग काढा की."

"म्हणजे?"

"अंधश्रद्धा आहे ना? मग फोटो काढून झाडाला काय होणार? काही नाही होणार. आणि तुम्ही काढत नसाल, तर त्याचा अर्थ तुमचा विश्वास आहे."

तगाऱ्यांनी या युक्तिवादात चूक शोधली. दोन दिवस शोधली. सापडली नाही.

खांब हलवून झाला आणि एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी भर दुपारी सगळे प्लॉटवर जमले. आकाश पिवळं पडलं होतं, आंधी येणार असल्याची ती खूण. कार्यकारिणीचे नऊजण होते, काही सभासद बायकांना घेऊन आले होते. तगाऱ्यांनी तिपाई लावली तशी मंडळी कॅमेऱ्याच्या मागे सरकली. कॅमेऱ्याचं तोंड थोडं डावीकडे वळलं की सगळे उजवीकडे पळत, उजवीकडे वळलं की डावीकडे. उकिडवे तर पार रस्त्यावर जाऊन स्कूटरच्या आडोशाला उभे राहिले. झाडाखाली गावातले एक म्हातारे चौधरी खाटेवर पडले होते. त्यांनी कॅमेरा बघितला, एक शब्द न विचारता खाट डोक्यावर घेतली आणि निघाले.

"बाबूजी," जाता जाता ते म्हणाले, "आप वही हो ना, पेड़ों वाले?"

तगाऱ्यांनी भिंगातून पाहिलं. वारा चांगलाच सुटला होता. रस्त्याकडेच्या कण्हेरी वाकत होत्या, बायकांचे पदर उडत होते. पिलखनाचं मात्र एक पान हलत नव्हतं. हलत होती ती फक्त खालच्या फांदीला अडकलेली एक पांढरी पॉलिथीनची पिशवी.

"पिशवी दिसतेय फोटोत," तगारे म्हणाले.

"दिसू द्या!" उकिडवे लांबून ओरडले.

"माझ्या फोटोत कचरा नसतो. अहिल्या, तिपाई धरून ठेव, वाऱ्याने पडेल."

ते झाडाकडे चालू लागले. खरं म्हणजे पिशवी काढून परत यायचं आणि उजेड गेला असं सांगायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. झाडाखाली पोचताच वाऱ्याचा आवाज बंद झाला. दार लावून घ्यावं तसा. आधारासाठी त्यांनी खोडावर हात टेकला. खोड कोमट होतं, झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखं. त्यांनी हात घाईने काढला, उंच होऊन पिशवी ओढली आणि मागे वळले.

खट्.

एवढ्या लांबून तो आवाज ऐकू यायला नको होता. पण आला.

"दाबलं मी!" अहिल्याबाई ओरडल्या. "तुमचं काही खरं नव्हतं!"

फोटो सुरेख आला. मध्यभागी पिलखन, पान न् पान स्पष्ट, आणि त्याखाली हातात पिशवी घेतलेले तगारे, कुणी हाक मारल्यासारखे बघणारे. त्यांनी वहीत नोंद केली. क्रमांक बारा.

मग संस्थेचे बावन्न सभासद दिवस मोजायला लागले. ऑफिसात फोन येत. "आज किती झाले?" विसाव्या दिवशी कुणीतरी प्लॉटवर जाऊन आलं, झाडाला नवी पालवी होती. तिसाव्या दिवशी ती दाट झाली. सेहेचाळिसाव्या दिवशी सरकारी कागद आला, पण तो झाडाबद्दल नव्हता. उपसंचालक प. वि. तगारे यांची जनहितार्थ, तात्काळ, बाडमेर येथे बदली करण्यात येत होती. काम, वाळवंटातल्या सुट्या झाडांची गणना. निवृत्ती इतकी जवळ असताना कुणाची बदली होत नसे. खात्यात कुणालाच कारण सांगता येईना.

केतकीने कपाटातून तो फोटो काढला आणि निरखून बघितला.

"बाबा," ती म्हणाली, "यात झाड एकटं नाहीये."

"ठेव तो."

"नाही, मतलब, कॅमेऱ्याला दोघांतलं एक निवडायचं होतं ना…"

"ठेव म्हटलं ना!"

आठवड्याने उकिडवे आले. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पत्र. अहिल्याबाई सामान बांधत होत्या. तगारे आतल्या खोलीत पुस्तकांच्या खोक्यांना सुतळी लावत होते.

"वहिनी, वाईट वाटतं," उकिडवे दारातूनच म्हणाले. "झाडाची परवानगी कायमची नाकारली. म्हणजे 'बी' इमारत आखूड करावी लागणार. चार घरं कमी. मग कार्यकारिणीने ठरवलं की दिल्लीबाहेर बदली झालेल्या सभासदांची नावं आधी… अं… तगाऱ्यांचं नाव वगळलंय. नाइलाज आहे हो, बिल्कुल नाइलाज."

कॅमेरा फडक्यात गुंडाळायला अहिल्याबाईंनी नुकताच हातात घेतला होता. तो त्यांनी डोळ्याला लावला.

"भाऊजी, जाताना एक आठवण. जरा उजेडात सरका ना."

"वहिनी, नको!" उकिडव्यांनी पत्र तोंडासमोर धरलं, मग नारळ धरला. "अहो, मस्करी नको. मला मुलं आहेत!"

खट्.

"छान आला," अहिल्याबाई म्हणाल्या. "बरं झालं, एकटेच आलात."

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला उकिडवे पुन्हा हजर. दाढी केलेली नव्हती. हातात नवा नकाशा होता. आर्किटेक्टच्या म्हणे लक्षात आलं होतं, की जिना उत्तरेकडून वळवला तर पिलखन जागच्या जागी राहतो आणि बावन्नच्या बावन्न घरंही बसतात. त्यांनी सही-शिक्क्याची यादी पुढे केली. तगाऱ्यांचं नाव दुसऱ्या मजल्यावर, जिथल्या तिथे.

"हे चार वर्षांत का नाही सुचलं?" तगाऱ्यांनी विचारलं.

"कुणी विचारलंच नव्हतं," उकिडवे म्हणाले. "ते राहू द्या. तो रोल तेवढा मला द्या. आत्ता. माझ्यासमोर."

तगारे आत गेले आणि खिडकीचा पडदा ओढून त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. एप्रिलमध्ये धुवायला दिल्यावर नवा रोल घातलेलाच नव्हता. त्यांनी अहिल्याबाईंकडे बघितलं. त्या दारात उभ्या होत्या, आणि त्यांना हे तीन दिवस माहीत होतं.

"सांगा त्यांना, स्टुडिओत दिलाय," त्या हळूच म्हणाल्या. "जिना बांधून झाला की देऊ."

उकिडवे गेल्यावर तगारे पुन्हा शहाण्या माणसासारखा विचार करू लागले. रोल नव्हता, म्हणजे फोटो नव्हता. फोटो नव्हता, म्हणजे नोंद करायचं कारण नव्हतं. पण खट् असा आवाज तर झाला होता, आणि माहिती अर्धवट ठेवणं बरोबर नव्हे. त्यांनी वही काढली. क्रमांक तेरा. शां. ग. उकिडवे. ठिकाण, आमचं दार. मग फोटोची तारीख.

चौथ्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रिकामा ठेवला, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर सेहेचाळिसावा दिवस कुठला येतो ते बघायला उठले.