रांजणातलं समुद्रशेवाळ

लातूर नवा जिल्हा झाला आणि शेषेरावाला तिथल्या कचेरीत कारकुनी मिळाली. तेव्हापासून त्याची खात्री झाली होती, की अर्ज नीट भरला की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो. त्याचा स्वतःचा एकच प्रश्न तेवढा अडला होता. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. बाजारात झबली टांगलेली दिसली, की हा गडी उगाच उभा राहायचा.

शेजारच्या टेबलावर रत्नागिरीहून बदलून आलेले तोडणकर बसत. त्यांना हे कळलं.

"समुद्राचं खाणं पोटात गेलं पाहिजे," ते म्हणाले आणि गावाहून येताना एक मोठं पुडकं घेऊन आले. त्यात मोरी नावाच्या मोठ्या माशाचे खारवलेले तुकडे होते, आणि बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या भावाने जपानहून आणलेलं वाळकं समुद्रशेवाळ. "थोडं भिजवायचं नि खायचं."

बायको कस्तुराबाई आणि आई केवळाबाई चाकूरला राहत. शेषेराव रविवारी पुडकं घेऊन घरी पोचला, तेव्हा कस्तुराबाई नुकताच टँकरच्या पाण्याने रांजण भरून सरपणाला गेली होती. टँकर पुन्हा यायला चार दिवस होते.

शेषेरावाने डोकं चालवलं. वेगळं भांडं घेतलं, तर ते धुवायला आणखी पाणी लागणार. म्हणून त्याने सगळं शेवाळ थेट रांजणातच सोडलं आणि निवांत झोपला.

तासाभरात रांजणावरची थाळी वर उचलली गेली. खालून हिरवेकाळे पट्टे बाहेर लोंबायला लागले.

"शेषा, रांजणात काय पाळलंस रं?" केवळाबाई दारातूनच ओरडली. निम्मी गल्ली बघायला आली. एकाने काठीने ढोसून पाहिलं. म्हशीपुढे पट्टा धरला, तर तिने मान फिरवली.

सरपणाची मोळी टाकून कस्तुराबाईने रांजणात हात घातला. तळाशी तांब्याभर बुळबुळीत पाणी उरलं होतं.

"आवो, लेकराच्या नावानं चार दिसाचं पाणी ह्येच पिऊन बसलं की," ती म्हणाली. मग तिचा आवाज मऊ झाला. "मलाबी लेकरू पायजे. पण खायच्या आधी इचारायचं असतंय."

सगळं शेवाळ तिने लिंबाच्या आळ्यात ओतलं. एक पट्टा आणि मोरीचा तुकडा फडक्यात बांधून सोमवारी ती नवऱ्याला घेऊन लातूरला डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"मासे खा की," बाई म्हणाल्या. "लहान, ताजे, पुरते शिजवलेले, आठवड्यातून दोनदा. मोरीसारख्या मोठ्या माशात पारा साठतो, तो नको. या शेवाळात आयोडीन फार असतं, त्यानं गळ्यातली थायरॉइड ग्रंथी बिघडू शकते. तेही बंद."

दोघांच्या तपासण्या झाल्या. पंधरा दिवसांनी कागद आले. दोष कुठेच नव्हता. बाईंनी चष्मा काढला. "महिन्यातून एकत्र किती दिवस असता?"

"चार रविवार," शेषेराव म्हणाला.

"त्यातलं दोन टँकरच्या रांगंत," कस्तुराबाईने भर घातली.

बाईंनी औषधाची चिठ्ठी लिहिलीच नाही.

त्याच दुपारी शेषेरावाने सरकारी क्वार्टरसाठी अर्ज लिहायला घेतला. 'कारण' या रकान्यापाशी त्याचं पेन अर्धा तास अडलं. शेवटी त्याने लिहिलं, 'पाणीटंचाई'.

संध्याकाळी बाजारात तो पुन्हा झबल्यांपाशी थांबला. या वेळी त्याने एक निवडलं.

"लेकरू किती महिन्याचं हाय?" दुकानदाराने विचारलं.

शेषेराव लाजून म्हणाला, "आजच अर्ज टाकलाय."