रोशाच्या तेलाची उष्टी हळद

सकाळी आठ वाजता, साखरखेर्डा येथे, पंचायत समितीचे उद्योग विस्तार अधिकारी हिंमतराव यांचे तोंड सुजले. त्याच दिवशी गोरज मुहूर्तावर बीबी या गावी त्यांचे लग्न होते.

कारण शोधायला चौकशी समितीची गरज नव्हती. त्यांच्या सोजराआत्याने हळदीत समितीच्या प्रचार मोहिमेतले रोशा गवताचे सुवासिक तेल ओतले होते, अख्खी बाटली. बाटलीवरचा मजकूर हिंमतरावांचाच: ‘झाडपाल्याचे, म्हणून निर्धोक. त्वचा उजळते.’ वरून आलेल्या मसुद्यात ‘थेंबभर तेल खोबरेलात मिसळून लावावे’ असे एक वाक्य होते. परंतु खोबरेल जिल्ह्यात होत नाही आणि मोहीम जिल्ह्याच्या मालाची. सबब ते वाक्य त्यांनी गाळले. तेलाची चाचणी मात्र त्यांनी जातीने घेतली होती. दोनदा हुंगून.

“आत्या, गाल भाजून राह्यले.”

“तेज चढून राह्यलं ते! सरकारी तेल हाय. तूच तं सांगत फिरतं, झाडपाल्यानं काय व्हते म्हनून.”

हे वाक्य आपण गावोगावच्या सभांत बोललो, पण ऐकण्याची पाळी आजच आली, असे हिंमतरावांना वाटले. मग एकदम त्यांना आठवले.

“उष्टी हळद कुठी हाय?”

“गेली ना बीबीले, पयल्या गाडीनं. दुपारी नवरीले लावतीन.”

हिंमतराव ताडकन उठले. आत्याने दंड धरून त्यांना खाली बसवले. अंगाला हळद लागलेला नवरदेव वऱ्हाडाआधी वेस ओलांडत नाही. बीबीला फोन नव्हता; समितीची जीप तेवढी गावात होती. चालक मोतीरामला बोलावणे गेले.

“मोतीराम, बीबीले जाय. ते हळद नवरीले लावू नका म्हनून सांगजो.”

“जातो ना सायेब. पन खाजगी फेरी नाई चालत. लॉगबुकात कारन काय लिवू?”

खरे कारण, तेल कातडी भाजते. ते लिहावे तर मोहीम बंद आणि अद्याप कायम न झालेली नोकरीही. न लिहावे तर तिकडे एका मुलीचे तोंड. हिंमतरावांनी विचारार्थ डोळे मिटले. सुजेमुळे त्याला फारसे श्रम पडले नाहीत.

“लिव, तेलाचा प्रचार.”

“मंग पेटी लागन. बिनामालाचा प्रचार लिवला तं आपल्यालेच इचारतीन.”

अशा रीतीने तेल थांबवायला निघालेली जीप तेलाची भरलेली पेटी घेऊन रवाना झाली.

उन्हे कलताना मोतीराम परतला. पेटी रिकामी होती.

“निरोप सांगतला?”

“सांगतला. तं बाया म्हने, नवरीले काऊन नाई? अशी काय चीज हाय ते पाहू तरी! दोन दोन बाटल्या नेल्या. मास्तरीन, डाक्तराची बायको, सगळ्या शिकेल-सवरेल.”

“अन् नवरी?”

“आतल्या खोलीत व्हती. दार लावेल व्हतं.” मोतीराम जरा घुटमळला. “वास मात्र लय मस्त येऊन राह्यला व्हता, सायेब.”

वऱ्हाडाची गाडी दारात लागली आहे. नवरीच्या चेहऱ्याबद्दल अधिक काही कळलेले नाही. पाहुण्यांना द्यायच्या याच तेलाच्या बाटल्या बांधून तयार आहेत. आपण आलात तर आपलीही त्यात आहे, आणि ती नको म्हणणारा पाहुणा अजून भेटलेला नाही.