समाधानी पाहुण्यांचे दोन रकाने

शहराला समुद्र होता, पण तो कुणी मंजूर केलेला नव्हता. त्यामुळे पर्यटन कार्यालयाच्या पत्रकात पाहुण्यांसाठी दोनच पर्याय छापलेले होते, सायकल आणि गोल्फ. सायकली तीस होत्या. टायर झिजू नयेत म्हणून त्या कार्यालयाच्या जिन्याखाली साखळीने बांधून ठेवल्या होत्या. गोल्फचं मैदानही होतं. तिथलं गवत फार सुरेख आलं होतं, म्हणून त्यावर पाय ठेवायला मनाई होती.

हे सगळं पाहुण्यांना गोड शब्दांत समजावून सांगणं हे चौकशीच्या खिडकीतल्या बाईंचं काम. अकरा वर्षं तिथे बसून त्या सगळ्यांच्या खिडकीबाई झाल्या होत्या. चार माणसांशी बोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आणि नेमकं वरून पत्र आलं की, महिनाअखेर शंभर समाधानी पाहुणे न दाखवल्यास खिडकी बंद करून बाईंना तळघरात जुन्या कागदांच्या खोलीत हलवावं. तिथे बोलायला फक्त वाळवी होती.

"ताई, सायकल मिळेल का?" त्याच दिवशी एका जाडजूड काकांनी विचारलं. मागे काकू घाम पुसत उभ्या होत्या.

"मिळेल. चालवता येणार नाही."

"मग गोल्फ?"

"मैदान बघता येईल. कुंपणाबाहेरून."

"अहो, मग आम्ही इथे करायचं तरी काय?" काकू वैतागल्या.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू का? समोर समुद्राच्या कडेला कट्टा आहे. तिथे निवांत बसा जाऊन. वारा छान येतो."

चार तासांनी दोघं परतले ते खुललेल्या चेहऱ्याने. "इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं," काका म्हणाले. "आम्ही भांडलोसुद्धा नाही," काकूंनी भर घातली. बाईंनी लगबगीने समाधानाचा फॉर्म काढला आणि त्यांचा हात थबकला. रकाने दोनच होते. नुसतं बसण्याला रकाना नव्हता. बाईंनी डोकं चालवलं. काका बसले होते, आणि सायकलवरही माणूस बसतोच. काकू लांब कुठेतरी टक लावून बघत होत्या, गोल्फमध्ये तरी दुसरं काय करतात. एक खूण इकडे केली, एक तिकडे. मग येईल त्या पाहुण्याला त्या कट्ट्यावरच धाडू लागल्या.

महिनाअखेर समाधानी पाहुणे भरले चारशे बारा. आकडा बघून साहेब स्वतः खाली आले. "आपले सायकलस्वार कुठे दिसत नाहीत ते?" बाईंनी कट्ट्याकडे बोट दाखवलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. आता तळघर चुकत नाही, असं त्या धरूनच चालल्या होत्या.

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. "बाई, हा अक्षम्य हलगर्जीपणा आहे," ते म्हणाले. "दोनशे सहा सायकलस्वार, आणि एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही?"

दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर हेल्मेट सक्तीचं झालं. गोल्फवाल्यांना एकेक काठी आणि एका हाताचा मोजा मिळू लागला. समोरासमोर बसलेल्यांची धडक होऊ नये म्हणून सर्वांनी एकाच दिशेला तोंड करावं, असा आदेश निघाला. वर्षानुवर्षं तिथे टेकणाऱ्या एका आजोबांना रखवालदाराने उठवलं, कारण ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हते. बाईंना वाटलं, आता काळं कुत्रं फिरकायचं नाही. पण रांग दुपटीने वाढली. नोंदणी करून खाल्लेला वारा लोकांच्या जास्त अंगी लागत होता. खिडकी वाचली, शेजारी आणखी दोन उघडल्या.

बाईंना मात्र आजोबांचं फार वाईट वाटलं. एकदा न राहवून त्यांनी रांगेतल्या एका गृहस्थांना हळूच सांगितलं, "अहो, पलीकडे वाळूत बसा ना खुशाल. हेल्मेट लागत नाही, आणि वारा तोच आहे."

गृहस्थांनी संशयाने पाहिलं. "आणि घरी गेल्यावर सुट्टीत काय केलं म्हणून सांगू?"

बाईंनी सायकलच्या रकान्यात खूण केली आणि हेल्मेट पुढे सरकवलं. ते गृहस्थ कोण, हे त्या आजही सांगत नाहीत. तुम्ही मात्र मागच्या सुट्टीतले तुमचे फोटो एकदा काढून बघा. डोक्यावर हेल्मेट आहे, मागे समुद्र आहे. सायकल कुठे दिसते का?