बापटकाकांचे दोन काठ

बापटकाका घरात शिरले की "कशी आहेस?" असं विचारत नाहीत. "काठ कुठला?" असं विचारतात. दारात जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढता काढता, टेबलावरच्या वाइनच्या बाटलीकडे बोट करून. आता मला सांगा, दिवसभर फार्मसीत उभं राहून लोकांना औषधं देऊन आलेल्या बाईने ह्याला काय उत्तर द्यायचं? पहिल्यांदा मी भाबडेपणाने म्हटलं होतं, "सुपरमार्केटची आहे काका, स्पेशलमध्ये स्वस्तात मिळाली." काकांनी बाटली उचलली, फिरकीचं झाकण पाहिलं आणि म्हणाले, "हे खोकल्याचं औषध आहे का?"

तेव्हाच दार लावायला हवं होतं.

तर हा काठ म्हणजे फ्रान्समधला. बोर्दो नावाचा प्रांत, त्याच्या मधून नदी. डाव्या काठावर खडीची जमीन, तिथे काबर्ने द्राक्ष. वाइन करारी, सुपारीसारखी तुरट, दहा वर्षं ठेवली की माणसात येणारी. उजव्या काठावर चिकणमाती, तिथे मर्लो. ती मऊ, पिकल्या आलुबुखारासारखी, पहिल्या घोटातच ओळख करून घेणारी. मला हे कसं ठाऊक? दर शनिवारी ऐकते म्हणून! आमच्या सईला शुभंकरोति धड येत नाही, पण "लेफ्ट बँक ऑर राइट बँक, काका?" हे येतं.

काका कट्टर डाव्या काठाचे. राहतातही आमच्या गावाच्या मधून जाणाऱ्या वायकाटो नदीच्या डाव्या काठाला, आम्ही पलीकडे हॅमिल्टन ईस्टला. "म्हणून तुम्ही लोक मऊ," म्हणतात. मी मऊ! माझ्या नवऱ्याने, अजितने, हे ऐकून इतकं हसायचं काही कारण नव्हतं.

दूध पावडरीच्या कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला आंब्या-फणसाचं वेड असावं, क्रिकेटचं असावं. ह्यांना वाइनचं, आणि तेही भांडणासकट. एका डॉक्टरांनी लाल वाइन फ्रीजमधून काढली, तर काका भर पार्टीत म्हणाले, "पेशंटलाही असंच गारठवता का?" मंडळाच्या दिवाळीत सेक्रेटरीने ग्लासात बर्फ टाकला, तेव्हा विचारलं, "ही जीभ आहे की तिकिटं चिकटवायचं यंत्र?" झालं. एकेक घर बंद होत गेलं. शेवटी उरलं आमचंच. नीलाकाकू आम्ही इथे यायच्या आधीच गेलेल्या. मूलबाळ नाही. शनिवारी आमच्याकडे आले नाहीत, तर काका त्या दिवशी कोणाशी बोलत असतील, देव जाणे.

त्या शनिवारी त्यांनी स्वतःच दोन बाटल्या आणल्या, दोन काठांच्या. प्रत्येकाला दोन ग्लास, मधे पाणी. लग्नात सप्तपदीलासुद्धा इतकं शिस्तीत चालले नव्हते मी.

"आता सांग. घाई करू नकोस."

"मला उजवी आवडली."

"अगं, आवडणं वेगळं आणि कळणं वेगळं!"

घ्या! पिणारी मी, जीभ माझी, आणि कळणार ह्यांना. मी उठले. ते दोघं क्रिकेट बघायला बसले आणि मी ओटा आवरायला घेतला. दोन्ही बाटल्यांत थोडी थोडी उरलेली. आता कालची आमटी आणि आजची आमटी दोन पातेल्यांत कोण ठेवतं? आपल्याकडे एकत्र करतात आणि एक भांडं मोकळं करतात. मीही डावी उजवीत ओतली, बूच लावलं, रिकामी बाटली विसळून रिसायकलिंगमध्ये टाकली.

काका पाणी प्यायला आत आले. ओट्याकडे बघत उभेच राहिले.

"हे काय केलंस?"

"आवरलं."

"दोन्ही एकत्र? अगं, मधे नदी आहे, नदी!"

"तुमचे फ्रेंच लोक नाही का दोन-तीन द्राक्षं मिसळत? त्यांनी केली तर कला, आणि मी केली तर पाप होय?"

चेहरा असा काही झाला म्हणता! मग ती बाटली काखोटीला मारली, जॅन्डल्स चढवल्या आणि गाडी सुरू करून चालते झाले. माझी भरली वांगी न खाता! वांगी म्हणजे इथे हिवाळ्यात काय भाव असतात, आणि तीही मी ह्यांना आवडतात म्हणून केलेली. माझा नुसता जळफळाट झाला.

पुढच्या शनिवारी काका आले नाहीत. "बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला," मी म्हटलं. अजित म्हणाला, फोन कर. मी का करू? त्यानंतरच्या शनिवारीही नाहीत. सईने विचारलं, "इज काका सिक?" राग होताच, तरी वांगी पुन्हा करून डब्यात भरली आणि गाडी काढली. पुलावरून जाताना भाषण तयार केलं: वय झालं म्हणून कोणी वाटेल ते ऐकून घेत नसतं, काका.

त्यांनी दार उघडलं. "ये," एवढंच म्हणाले. टेबलावर तीच बाटली होती. मी बूच काढून वास घेतला. शुद्ध व्हिनेगर.

"काका, ही आंबलीय. ओता सिंकमध्ये."

"नको." त्यांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. "नीला असंच करायची. पाहुणे गेले की उरलेलं सगळं एका बाटलीत. वर म्हणायची, फ्रीजमध्ये जागा नाही. आयुष्यभर भांडलो त्यावरून. ती उजव्या काठाची होती ना. तुझ्यासारखी."

भाषण कुठल्या कुठे गेलं. आणि संताप आला तो वेगळाच: ह्या माणसाने हे इतकी वर्षं कोणालाच का सांगितलं नाही?

"त्या दिवशी तुझ्या ओट्यावर बघितलं आणि…" काकांनी बाटली उजेडात धरली. "प्यायची नाहीये मला. पण अगदी तिच्या हातची झालीय गं."

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी त्यांच्याकडून बाटली घेतली, बूच घट्ट बसवलं आणि ती ठेवायला फ्रीज उघडला. काका लाल वाइन फ्रीजमध्ये जाताना बघत होते, पण एका शब्दाने बोलले नाहीत.

आत जागाच जागा होती.