माळ्यावरचं शेवटचं प्रकरण

रविवारी दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला आणि सुईवहिनी जादाची गादी काढायला माळ्यावर चढल्या. निदान सासूबाईंना तसं सांगून चढल्या. गादी कुणालाच नको होती. पण उशीच्या अभ्र्यात घातलेलं एक जाडजूड पुस्तक त्यांच्या काखेत होतं, आणि त्याची शेवटची दोन प्रकरणं वाचायची राहिली होती.

वहिनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला होत्या, म्हणून हे नाव. वस्तीतल्या बहुतेकांच्या दंडाशी त्यांची ओळख होती. रस्त्यात त्या समोरून आल्या की भलीभली माणसं नकळत बाही खाली ओढत. हात हलका, बोलणं मऊ, राग म्हणून ठाऊक नाही. वेड एकच, वाचनाचं. साबणाच्या वेष्टनापासून औषधाबरोबरच्या घडीच्या कागदापर्यंत हाताला लागेल ते त्या वाचत. पान निम्मं होतं न होतं तोच पुढच्या पानाचा कोपरा चिमटीत धरून ठेवत, जणू ते पान कुणी पळवून नेणार होतं.

ही रहस्यकथा त्यांना लॅबच्या काउंटरवरच्या मैत्रिणीने दिली होती. मैत्रीण मनाने चांगली, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. शनिवारी तिने बजावून ठेवलं होतं की आता फार झालं, सोमवारी आपण या खुनावर सविस्तर बोलायचंच. म्हणजे रविवारी पुस्तक संपलं नाही तर सोमवारी सकाळी, पहिल्या पेशंटच्या दंडाला पट्टा बांधता बांधता, खुनी कोण ते वहिनींना ऐकावं लागणार होतं.

आठवडाभर त्यांनी प्रयत्न करून पाहिला होता. पण घरात नवरा होता, आणि सध्या नणंदही होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला लिफ्टवाले म्हणत. कुठल्याही इमारतीत, कुठल्याही मजल्यावर अडकलेलं माणूस ते बाहेर काढत, पण घरातली कात्री त्यांना आजवर सापडलेली नव्हती. वस्तू हवी असली की शोधायची नसते, बायकोला विचारायची असते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. नणंद, म्हणजे लिफ्टवाल्यांच्या थोरल्या ताई, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. बसलेलं माणूस त्यांना बघवत नसे. भावाकडे महिनाभर विश्रांतीला म्हणून आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे उभे केले. वहिनी पुस्तक घेऊन टेकल्या की ताई मायेने विचारत, “रिकामीच आहेस ना?” आणि हातात काहीतरी काम ठेवत. भावालाही त्यांनी सोडलं नव्हतं. या रविवारी सकाळी शेजारच्या वायरमनची शिडी आणवून त्यांनी त्याच्याकडून घरातले सगळे पंखे पुसून घेतले होते. ती शिडी पॅसेजमध्ये माळ्याखाली उभी दिसली, आणि वहिनींना ती कल्पना सुचली.

माळा छान निघाला. गुंडाळलेली गादी पसरली की ऐसपैस बिछाना झाला, रस्त्याकडच्या झरोक्यातून उजेड येत होता आणि दार ओढून घेतलं की खालच्या जगाशी संबंध सुटत होता. वहिनींनी पुस्तक उघडलं. गोष्टीतल्या इन्स्पेक्टरने सगळ्या संशयितांना काचेच्या खोलीत गोळा करून दाराला आतून कडी लावली होती.

नेमका त्याच वेळी वायरमन आपली शिडी मागायला आला. त्याला कुठेतरी तातडीने दिवे लावायचे होते. लिफ्टवाल्यांनी त्याचे आभार मानले, एका बाजूने हातही लावला आणि शिडी दारातून बाहेर गेली. वहिनींना हे सगळं स्वच्छ ऐकू आलं. ओरडायला हवं हेही कळलं. पण इन्स्पेक्टर नुकताच बोलायला लागला होता. एवढं पान होऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. पान संपलं तोवर शिडी गल्लीच्या पलीकडे पोचली होती, मग घाईचं कारणच उरलं नाही.

थोड्या वेळाने लिफ्टवाल्यांना कात्री हवी झाली. त्यांनी नेहमीप्रमाणे जागच्या जागी उभं राहून विचारलं, कात्री कुठे आहे. उत्तर आलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, मग जरा मोठ्याने तिसऱ्यांदा. त्यांच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं. वहिनी न्हाणीघरात असोत, झोपेत असोत, तापाने फणफणलेल्या असोत, कात्री कुठे आहे याचं उत्तर येत आलं होतं. माळ्यावर वहिनींच्याही अगदी ओठांवर आलं, शिवणाच्या डब्यात, डावीकडे. त्यांनी ओठ दाताखाली धरला आणि पुढच्या पानाचा कोपरा चिमटीत पकडला.

लिफ्टवाल्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, गॅलरी पाहिली. बायको नव्हती. हॉलमध्ये त्यांची आई आरामखुर्चीत डोळे मिटून बसली होती. तिला जागी आहेस का विचारलं तर तिने मी जागीच आहे एवढंच सांगितलं, आणि डोळे काही उघडले नाहीत. गादीचं बोलणं झालं तेव्हा लिफ्टवाले गॅलरीत ताईंच्या देखरेखीखाली पंख्यांची फडकी वाळत घालत होते, त्यामुळे ते दोघांच्याही कानांवर पडलं नव्हतं.

मग ताईंनी सूत्रं हातात घेतली. तपासात असं निघालं की वहिनींच्या चपला दारात आहेत, पर्स खुंटीला आहे आणि फोन फ्रिजवर वाजतो आहे. ताईंनी याचा सरळ अर्थ लावला. अनवाणी, हात हलवत, फोनसुद्धा न घेता बाई घराबाहेर पडते, ती एकाच कारणाने.

“तू काय बोललास तिला?” त्यांनी भावाला विचारलं.

काहीच बोललो नाही, असं लिफ्टवाले आधी म्हणाले. ताईंच्या पुढे कवायतीच्या तासाला खोटं बोलणं मोठमोठ्या दांडगटांना जमलं नव्हतं, तिथे धाकट्या भावाची काय कथा. त्यांनी कबूल केलं की सकाळी पंखा पुसताना तिची जराशी थट्टा केली होती. तिचं पुस्तक टेबलावर होतं, सहज शेवटचं पान पाहिलं, आणि तिला म्हटलं, खुनी कोण ते सांगू का. तिचा चेहरा एकदम उतरला होता.

ताईंचा चेहराही गंभीर झाला. “सांगितलंस?”

“नाही. पण सांगेन म्हणालो.”

“मला सांग. सगळं कळल्याशिवाय मला विचार करता येत नाही.”

माळ्यावर वहिनींच्या अंगावर काटा आला. नवरा बरोबर त्यांच्या खाली, पॅसेजमध्ये उभा होता आणि त्याचा आवाज लिफ्टच्या पोकळीत ओरडून ओरडून खणखणीत झालेला होता. गादीची एक शिवण उसवली होती. कापसाचे बोळे करणं हे तर त्यांचं रोजचं काम. निमिषार्धात त्यांनी दोन घट्ट बोळे केले आणि दोन्ही कानांत सारले. जग एकदम शांत झालं. त्या शांततेत इन्स्पेक्टर एकेका संशयिताकडे वळू लागला, आणि वहिनी आडव्या होऊन वाचू लागल्या. इतक्या सुखाने त्यांनी कित्येक वर्षांत वाचलं नव्हतं.

त्यामुळे खाली पुढे काय झालं ते त्यांना कळलंच नाही. खुन्याचं नाव ऐकून ताईंना काहीच बोध झाला नाही, पण बाई पुस्तकापायी घर सोडून गेली एवढं पक्कं झालं. त्यांनी शेजार गोळा केला. दिवे लावून परतलेल्या वायरमनला बसथांब्याकडे धाडलं, समोरच्या इस्त्रीवाल्याला बागेकडे, त्याच्या बायकोला वाचनालयाकडे. लिफ्टवाले लॅबपर्यंत धावत जाऊन आले. तिथे कुलूप होतं. वाटेत मैत्रीण भेटली. ती हादरली, आणि सगळं माझ्या पुस्तकामुळे झालं असं म्हणत तीही शोधात सामील झाली. ज्यांना ज्यांना वहिनींनी कधी सुई टोचली होती ती माणसं एकेक करून बाहेर आली. गल्लीत ही गर्दी झाली.

इकडे पुस्तक संपलं. खून पुतणीने केला होता. कुणाच्या अध्यात न मध्यात असणारी, सगळ्यांना चहा आणून देणारी पुतणी. वहिनी बराच वेळ छताकडे पाहत पडून राहिल्या. त्यांना पुतणीचं फारसं चुकलं असं वाटेना. मग त्यांनी कानांतले बोळे काढले.

घरात कसलीच चाहूल नव्हती, पण रस्त्यावरून बराच आवाज येत होता. वहिनींनी झरोक्याला डोळा लावला. अर्धी वस्ती खाली उभी होती आणि मधोमध ताई माणसांच्या रांगा करत होत्या. कोण हरवलंय, असं वहिनींना कुतूहलाने वाटलं. मग ताईंच्या बोलण्यात “मध्यम बांधा, मऊ बोलते, वाचताना काही ऐकू येत नाही” असं आलं आणि त्या झटकन झरोक्यापासून मागे सरकल्या.

आता करायचं काय? झोप लागली म्हणावं तर इतक्या हाकांना जाग कशी आली नाही? चक्कर आली म्हणावं तर ताई ताबडतोब दवाखान्यात नेतील आणि रक्त तपासायला सांगतील. ते तपासायला आपल्याच लॅबमध्ये येणार, आणि आपल्या हिमोग्लोबिनबद्दल मैत्रीण सगळ्या गावाला सांगणार. उडी मारावी तर खाली फरशी. पहिल्या हाकेला ओ दिली असती तर नुसतं हसू झालं असतं. आता दिली तर वस्तीत तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. उशीर जितका होत होता, तितकं बोलणं अवघड होत होतं.

तेवढ्यात झरोक्याखाली लिफ्टवाले दिसले. घामाने निथळत होते, शर्टाची बटणं खालीवर लागली होती. इस्त्रीवाला त्यांना विचारत होता की वहिनींच्या अंगावर आज कुठल्या रंगाचे कपडे होते. लिफ्टवाल्यांना सांगता येईना. निळे असतील म्हणाले, मग हिरवे म्हणाले. हे बघून इस्त्रीवाल्याने विचारलं, मग ओळखायचं कसं?

“कुठेतरी बसून वाचत असेल,” लिफ्टवाले म्हणाले. “पान संपायच्या आधीच पुढचं पान धरून ठेवते ती. आणि गोष्ट रंगली की डावा पाय हलवते. थांबला पाय, की समजायचं, काहीतरी वाईट झालंय गोष्टीत. मग मी काहीतरी विचारतो तिला. कात्री कुठे आहे, म्हणून.”

वहिनींचा पाय थांबला. आपला पाय हलतो हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. डोळ्यांपुढचा झरोका धूसर झाला. आता लाजबीज गेली चुलीत, असं म्हणून त्यांनी तोंड झरोक्याला लावलं आणि हाक मारली. पण हाकही मऊच निघाली, आणि त्याच वेळी ताई चौकीवर तक्रार द्यायला कोण कोण येणार ते पुकारत होत्या. त्या आवाजापुढे मऊ हाकेचा काय पाड लागणार.

चौकीत द्यायला फोटो हवा म्हणून सगळे घरात शिरले. फोटो कुठे आहे, असं लिफ्टवाल्यांनी सवयीने विचारलं, आणि मग स्वतःच कपाटापुढे हताश होऊन उभे राहिले. तेव्हा आरामखुर्चीतून आई बोलली. डोळे मिटलेलेच होते.

“माळा बघितला का?”

“आई, शिडी तर कधीच गेली,” लिफ्टवाले म्हणाले.

“शिडी गेली म्हणजे माणूस उतरलं असं कुठंय?”

हे तू आधी का नाही सांगितलंस, असं ताईंनी विचारलं. आईचं म्हणणं पडलं की मला फक्त जागी आहेस का एवढंच विचारलं होतं, ते मी सांगितलं. शिवाय घर इतकं शांत होतं की बोलवेना.

वायरमनने धावत जाऊन शिडी आणली. लिफ्टवाले दोन दोन पायऱ्या ओलांडत वर चढले आणि माळ्याचं दार उघडलं.

आत गादीवर बायको बसली होती. मांडीवर पुस्तक, केसांत कापूस, डोळ्यांत पाणी. लिफ्टवाल्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं. झरोक्यातून वाऱ्याची झुळूक आली. गादी मऊ दिसत होती, आणि लिफ्टवाले सकाळपासून एकदाही टेकले नव्हते.

“आहे का रे?” खालून ताईंनी विचारलं. “असेल तर दोघंही खाली या. माणसं जमलीच आहेत, तर सोफा हलवून घेऊ. पडदेही राहिलेत.”

लिफ्टवाल्यांनी एकदा खाली पाहिलं, एकदा वर पाहिलं. मग अनुभवी माणसाच्या गंभीर आवाजात ते म्हणाले, “सापडली, ताई. पण अडकलीय. आत जाऊनच काढावी लागेल.”

“वेळ लागेल?”

“लागेल. संध्याकाळ होईल.”

वहिनींनी बाजूला सरकून जागा केली. लिफ्टवाले आत शिरले आणि त्यांनी माळ्याचं दार ओढून घेतलं.