बिनलाईटची मोटर

शालिकरामची चुंबकाची मोटर कालपासून विजेशिवाय फिरत होती, तरी त्याच्या जिवाला चैन नव्हतं. जुन्या कूलरच्या पात्यांवर त्याने अठरा चुंबक चिकटवले होते, भोवती आणखी बारा. ना वायर, ना सेल. सहा महिने ती जागची हलली नव्हती. काल बायकोने, मीराबाईने, उन्हाळ्याचा कूलर हॉलमध्ये बसवला आणि त्याच दुपारी, शालिकरामच्या मते मारुतीच्या कृपेने, मोटर फिरली.

आनंदाच्या भरात त्याने मेहुण्याला, कृष्णकांतला, बेसातल्या आपल्या घरी बोलावून घेतलं. कृष्णकांत विजेच्या खात्यातून निवृत्त झालेला. वर शालिकराम मीराबाईला शब्दही देऊन बसला, "दादासमोर नाही चालली, त सारं कबाडीवाल्याले देऊन टाकतो!" आता त्या शब्दाचाच त्याला घोर लागला होता.

कृष्णकांत येऊन बसला.

"आवाज ऐका दादा. जराही नाही!" म्हणत शालिकरामने घरघरणारा कूलर बंद केला. मोटर मंदावली आणि थांबली.

"काहून थांबली, जावईबापू?"

"गरम झाली असन," शालिकराम कसाबसा म्हणाला.

"गरम त आम्ही होऊन राहिलो," मीराबाई म्हणाली आणि तिने कूलर लावला. मोटर पुन्हा फिरू लागली. शालिकरामच्या जिवात जीव आला.

"पाहा! आता मेन स्विचच पाडतो. घरात लाईट नाही, तरी मोटर चालू!"

तो धावत जाऊन स्विच पाडून आला. मोटर ठप्प.

कृष्णकांतने एकदा कूलरकडे पाहिलं, एकदा मोटरकडे. पण जावयाला वेड्यात कसं काढायचं? तो घाम पुसत बसला. शालिकरामला मात्र त्याच्या नजरेवरूनच सगळं उमगलं. त्याचा चेहरा पडला.

"बोलाव वं कबाडीवाल्याले."

"राहू द्या," मीराबाई हळूच म्हणाली. "कूलरचं तोंड मीच मोटरकडं केलं होतं. सहा महिने तुम्ही धड जेवले नाही. मले पाहवलं नाही."

शालिकरामने मोटरचं थांबलेलं पातं बोटाने ढकलून पाहिलं. मग एकदम उठला.

"म्हणजे हवेवर चालते! दादा, गच्चीवर हवा त भरपूर असन ना?"

मीराबाई कबाडीवाल्याला फोन लावायला आत गेली.